गाडी खाली करा

आमच्या उज्जैनी मराठीला हसता ना? तिच्यापायी पुण्याच्या काकांची नवी गाडी क्षिप्रेत गेली होती. काका म्हणजे माझ्या आत्याचे यजमान.

नदीकाठच्या उतारावर गाडी चिखलात रुतली. काका रेस देत होते, पण गाडी जागची हलेना.

मी बाहेरून सांगितलं, "ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. चाक घसरलं की तो इंजिनची ताकद कापतो."

त्यांनी बटण दाबलं. चाकं जोरात फिरायला लागली. वजन कमी व्हावं म्हणून मी ओरडलो, "आता सगळी गाडी खाली करा!"

काकांनी केली. थेट उतारावरून खाली, दारापर्यंत पाण्यात.

शेजारी बसलेल्या आत्यानं खिडकीतून हात बाहेर काढून क्षिप्रेचं पाणी डोळ्यांना लावलं.

"अहो," ती म्हणाली, "माझ्या माहेरी खाली म्हणजे रिकामी."