ब्रेकमधली हवा

भिया, ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि धारचे माझे दोघे मामा तर एकमेकांशी बोलतच नव्हते. कुठल्याशा मुंजीत कुणाचं पान आधी मांडलं, यावरून अबोला! आजोबांची जुनी गाडी मात्र दोघांची. मावशी देवासला दवाखान्यात, तिला बघायला जायचं, आणि मागच्या चाकाशी पाइपच्या जोडातून ब्रेक ऑइल गळतंय.

धाकट्या मामांनी गाडीखाली शिरून जोड बदलला; आता पाइपात शिरलेली हवा काढायची. थोरले मामा ब्रेकवर पाय ठेवून बसले. निरोप्या मी.

"त्यांना सांग, दाबा."

"मामा, दाबा."

"त्याला सांग, दाबलाय."

"दाबलाय म्हणतात."

"सांग, हवा सोडायचा नट उघडा आहे तोवर पाय उचलू नका."

मी तोंड उघडेपर्यंत थोरल्यांनी पाय उचललेला. हवा परत आत! पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी गाडीखालून आवाज आला, "अहो दादा, पाय उचलू नका ना!"

थोरले मामा हळूच म्हणाले, "नाही उचलत रे. कर तू."

त्यानंतर मला कुणी विचारलंच नाही. "दाबा दादा." "दाबला." "सोडा." बराच वेळ चाललं. मी वाकून बघितलं, तर नटाला लावलेल्या नळीतून नितळ ऑइल येतंय, एकही बुडबुडा नाही.

"मामा, हवा तो कब की निकल गई!"

धाकट्या मामांनी माझ्याकडे डोळे वटारले आणि वर ओरडून म्हणाले, "दादा, अजून आहे थोडी. दाबा."