नारायणअण्णांची खुर्ची

वडीलधाऱ्यांनो, अक्कांनो, पेठेतल्या माझ्या विणकर भावांनो,

मला बोलायला उभं केलंत खरं, पण भाषण करायची मला सवय नाही. मी फार शिकलेलो नाही. पाय एका जागी ठरत नाही म्हणून उत्तरेत पोलादाच्या कारखान्यात गेलो. तार मिळाली तेव्हा भट्टीवर होतो. आलो तोवर आपले जुने अध्यक्ष नारायणअण्णा गेलेले.

आपल्या सोसायटीतून सरकारी रेशीम मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पूर्वी ते कुणाला मिळायचं? घरात स्वतःचा माग असेल त्याला. तोच सभासद, त्यालाच मत. माझी आई दुसऱ्याच्या मागावर विणायची. तिला रेशीम नाही, म्हणून माग नाही. माग नाही, म्हणून रेशीम नाही. सुटायचं कसं?

अण्णांचे स्वतःचे तीन माग होते. त्यांना काय पडलं होतं? तरी तेच सभेत उठले. म्हणाले, “जो विणतो तो सभासद, एवढी एक ओळ बदला.” तेव्हा कुणीतरी टोमणा मारला होता, “अण्णा, उद्या मागाखालच्या मांजरालाही मत द्याल.” अण्णा शांतपणे म्हणाले, “विणत असेल तर देऊ की.” सभा हसली, आणि हसता हसता हात वर झाले.

तेच रेशीम, तीच गल्ली, तेच हात. बदलली फक्त एक ओळ. आज आमच्या घरात आईचा माग आहे. पलीकडच्या येलहंका गावच्या विणकर बायकाही सभासद झाल्या.

मी मात्र अण्णांशी वाद घालायचो. म्हणायचो, “देश तिकडं भट्टीपाशी घडतोय अण्णा, आणि तुम्ही नियमांच्या ओळी खोडत बसलाय.” ते म्हणायचे, “सरी, ठीक आहे, लोखंड तू काढ. पण ते कुणाच्या हाती जायचं, हे ठरवायला कुणीतरी बसायला हवं ना?” तेव्हा पटलं नाही. मग कारखान्यात पाहिलं. मुकादमाच्या मर्जीवर बढती होती, तोवर चांगले कारागीर पळून जात होते. परीक्षा घेऊन बढती द्यायला लागले, तेव्हा तेच लोक टिकले. यंत्रं तीच होती.

आता मघाशी गोविंदमामा जे बोलले त्यावर येतो. मामा म्हणाले, अण्णांचा मुलगा वामन याला यंदाची निवडणूक न घेता कायमचा अध्यक्ष करू, तीच खरी श्रद्धांजली. टाळ्याही पडल्या. मामा, तुमचं प्रेम मला कळतं. पण दोन खेपा झाल्या की खुर्ची सोडायची, हा नियम कुणी घातला? अण्णांनीच ना? त्यांच्या दोन खेपा संपल्या तेव्हा तुम्हीच हात जोडले होते, “स्वल्प थांबा, आणखी एक खेप.” काय म्हणाले ते? “चांगल्या माणसासाठी नियम मोडलात, तर वाईट माणूस तोच दाखला पुढं करील.” आणि मागच्या सतरंजीवर, साध्या सभासदांत जाऊन बसले. पुढची सगळी वर्षं तिथंच बसले.

आज आपण प्रेमापोटी तो नियम मोडणार? मग माझ्या आईला सभासद करणारी ओळ तरी किती दिवस टिकेल?

वामन, तू माझा लहानपणचा दोस्त. तू उभा राहा, माझी आई तुला मत देईल कदाचित. पण तुझ्यासमोर आणखी कुणीतरी उभं राहायला हवं.

तू मान डोलावलीस. बरं वाटलं. मामा, तो ठराव मागं घ्या, एवढीच विनंती. मी परवा गाडीनं परत जाईन. पण इथलं काम थांबेल अशी भीती आता वाटत नाही. अण्णा एका माणसावर काही टाकून गेलेच नाहीत. सगळ्यांवर टाकून गेले.

आता सगळे उठू या. अक्का, तुमचं वय झालंय, तुम्ही बसूनच राहा. क्षणभर गप्प राहू या. आणि बसल्यावर निवडणुकीसाठी एक नाव मामांनी सुचवावं, दुसरं मागच्या सतरंजीवरून यावं.

अण्णा, नमस्कार.