तुले चालते, असं लिहून दे

हॅलो?… हॅलो, कोण?… स्वप्निल? अरे, आवाज काहून असा येऊन राहिला तुहा?… थांब, थांब. वर्ग सुरू हाय माहा, बाहेर येतो… पोट्टेहो, पान चाळीसवरची गणितं करा, आवाज नको मले!… हं. बोल.

आली मी जिन्यात. या राजापेठेत शांती कुठं मिळते बाप्पा, खालून गाड्या चालूच असतात… पण आता तर तुमच्या डब्लिनले सकाळ असन ना? ऑफिसले नाही गेला?

…येऊ नको म्हणजे? कोण म्हणे येऊ नको?… आणि गुरुवारी चौकशी? कायची चौकशी? भांडला का कोणाशी?

कोण फिओना?… हो, हो, तुह्या बाजूच्या टेबलावर बसते ते. फोटो पाठवला होता तू, काठी घेऊन उभी. अपघात झाला होता ना तिचा… हो. मग?

काय म्हणला तिले?… पुन्हा सांग, ट्रक गेला खालून… क्रिपल?

…म्हणजे लंगडी.

नाही, समजलं मले. गणित शिकवतो म्हणून इंग्रजी येत नाही, असं नाही… हो, ऐकून राहिली. पहिल्यापासून सांग.

हं… मीटिंगले उशीर होत होता… हं… सगळे लिफ्टपाशी उभे, ती मागून येऊन राहिली… आणि तू ओरडला, 'कम ऑन, क्रिपल'… हो, हसतच म्हणला असशीन. तुही सवय माहीत नाही का मले… आणि दुसरं कोणीच नाही हसलं.

आणि ती?… तिथंच उभी राहिली? लिफ्टमधीही नाही आली?… माय.

तिनं स्वतःच?… स्वतःले म्हणते ते तसं? चहा पितापिता?… म्हणून तुले वाटलं आपणही म्हणू शकतो… अरे, ती स्वतःले म्हणते ते येगळं ना, स्वप्निल… काहून येगळं, ते मले नाही सांगता येत आता या जिन्यात. पण येगळं.

हो ना… मानलं. तिकडे 'मॅड' म्हटलं तर कौतुक समजतात, 'थिक', म्हणजे मठ्ठ, म्हटलं तर हसतात, आणि हा एक शब्द म्हटला तर चौकशी… मानलं ना! आणि इकडे आपण येडा, मेंटल, बहिरा, तोतरा, दिवसातून पन्नास खेपा… मी कुठं नाही म्हणतो? आमच्या गल्लीत धर्मपाल काकाले कोणी नुसतं धर्मपाल म्हणते का? बहिरा धर्मपाल. मीही म्हणतो. परवाच म्हटलं, दुधवाल्याले घर सांगताना. काका दारातच उभे होते. ऐकू नाही येत म्हणून काय झालं, माह्या तोंडाकडे पाहून राहिले होते ते… नाही, नाही, तुह्याच गोष्टीवर हाय मी. बोल.

पण मी काय करू यात? मी का वकील हाय?

…काय लिहून देऊ?

हळू बोल… 'माझा भाऊ मला लहानपणापासून लंगडी म्हणतो'… हं… 'आमच्याकडे हा प्रेमाचा शब्द आहे'… हं… 'आणि मला तो चालतो'… खाली सही. आणि सोबत माहं पोलिओचं सर्टिफिकेट?

नाही, हाय ना फोनवर. कोणी आलं जिन्यात… या ताई, तुमच्या वर्षालीचा वर्ग पाचले हाय, बसा आत, पंखा लावा… हं.

आईनं सुचवलं?… म्हणजे अकोल्याहून मावशीच्या घरून तिनं तुले सांगितलं, की ज्योत्स्नाकडून लिहून घे. मले नाही विचारलं… नाही, काही नाही. फोन उचलला तवा तू 'ताई' म्हणला, 'लंगडे' नाही, तवाच समजायले पाहिजे होतं मले.

अरे, म्हणत होता ना तू! मी कुठं म्हणतो, नव्हता म्हणत? सगळेच म्हणत. आजी पायाले तेल चोळे आणि म्हणे, 'माही लंगडी, माही लंगडी.' आजीच्या तोंडून गोड लागे तो शब्द, खोटं काहून बोलू? दहा वर्षं चोळला तिनं हा पाय… पण तोच शब्द भातकुलीच्या शाळेत पोट्टे म्हणत, तवा मधल्या सुट्टीत मी वर्गाबाहेर निघे नाही. आणि बाळापूरचे पाहुणे मले पाहायले आले होते, आठवते?… त्यायनं कुठं म्हटला तो शब्द? लय सभ्य माणसं. 'मुलगी थोडी अधू हाय, हे आधी सांगायचं होतं,' म्हणे. पोहे तसेच ठेवून उठले… आता तर कोणी अपंगही म्हणत नाही. कागदावर मी दिव्यांग हाय. बसमधी परवा एक बाई म्हणे, 'ए दिव्यांग, पुढे सरक ना.'

नाही, विषय नाही बदलून राहिली मी! तू म्हणतं ना, आमच्याकडे प्रेमाचा शब्द. आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? मले विचारलं होतं का कोणी?

ऐक… ऐक ना माहं. बाबाले त्यायच्या ऑफिसातल्या साहेबानं जातीवरून शब्द टाकला होता. साहेबही असंच म्हणे, 'देवमन, आमच्याकडे असंच बोलतात, मनात काही नसते.' बाबानं लिहून दिलं का, मले चालते म्हणून?… नाही दिलं. दोन वर्षं अर्ज करत राहिले, बदली झाली तरी माघार नाही घेतली. मले केवढा अभिमान होता… आणि तेच बाबा अर्ज टाकून घरी येत आणि हाक मारत, 'लंगडे, पाणी आण.' मी आणे. तवा काही वाटे नाही, स्वप्निल. ते गेल्यावर वाटलं. मग कोणाले सांगू?

…आता ओरडू नको माह्यावर.

माहीत हाय मले. पौर्णिमाले सातवा महिना हाय, तुमचं लेकरू येणार, नोकरी गेली तर तिथं राहता येणार नाही… माहीत हाय, अरे. मी का दगड हाय? पण मले चालते, असं नाही लिहीत मी.

…कारण नाही चालत.

हॅलो?… आवाज येते ना?… हं.

तीस वर्षात सांगितलं नाही?… सांगितलं होतं. मी सातवीत होती, तू दुसरीत. बाजारात तू त्या भाजीवाल्याच्या ओट्यावर चढून ओरडला, 'ए लंगडे, इकडे ये!' सगळा बाजार वळून पाहून राहिला. घरी आल्यावर मी म्हटलं, 'स्वप्निल, बाहेर नावानं हाक मारत जा.' तू हसला, आणि माह्यासारखं चालून दाखवलं. आई हसली. बाबाही हसले… मीही हसली. काय करू मग? रडली असती तर लंगडी रडते म्हटलं असतं.

नाही, तवा तू सात वर्षाचा होता. तो राग नाही धरला मी… तुले कसं आठवन? मले आठवते.

…

मदत करत नाही, असं कुठं म्हटलं? करतो ना. पण कागद तू लिही. मी सही करीन… हो, तू. पेन घे… लॅपटॉपवर नाही, पेन घे. इंग्रजीत नंतर कर… घेतला?

लिही. 'माझ्या बहिणीचं नाव ज्योत्स्ना. ती अमरावतीत मुलांना गणित शिकवते'… लागते, लिही. माह्या पायाचं मागून येते… पुढे. 'आमच्या घरात तिला सगळे लंगडी म्हणत. मीही म्हणत आलो'… लिहिलं?… 'तिला ते चालत नव्हतं. तिनं एकदा सांगितलं. मी ऐकलं नाही.'

…काहून थांबला?

हो, तुह्यावरच उलटन. उलटू शकते. मग त्यायले सांग, आमच्याकडे प्रेमानं म्हणतात. आणि फिओनानं मले फोन लावला तर मी काय सांगू? खोटं?… मी नाही सांगत. तिच्या जागी मीच उभी हाय असं वाटते मले, तू सांगितल्यापासून. लिफ्टच्या बाहेर… हं.

लिही पुढे. 'फिओना स्वतःसाठी तो शब्द वापरते, म्हणून मी धरून चाललो की मीही वापरू शकतो. तिला विचारलं नाही'… तुहं तू लिही आता, तिले काय म्हणायचं ते. ते मी नाही सांगणार.

आणि एक मी लिहीन खाली, माह्या हातानं. मी बारावीत होती तवा तू मले सायकलवर बसवून बसस्टँडपर्यंत ढकलत न्यायचा. रोज. पावसातही. शाळेत उशिरा पोहोचून छड्या खायचा… तू नको लिहू ते, फुशारकी वाटन. मी लिहितो. ते पण खरं हाय ना.

…पाणी पी पहिले. मी हाये, ठेवत नाही फोन.

हं. आता वाच… मोठ्यानं वाच… हं… हं… नाही, तिथं नको थांबू. ते वाक्य गाळलं तू. पुन्हा वाच… 'मी ऐकलं नाही.' हं. बस.

गुरुवारी काय होईन, मले नाही माहीत. नोकरी राहीन, नाही राहीन… आईले मी सांगतो काय लिहिलं ते. तू नको सांगू, ती घाबरन.

…हाय. राग हाय, स्वप्निल. खोटं काहून बोलू… हो, अजूनही. तरी सही करतो ना. वर्गातले पोट्टे दारात येऊन उभे हायेत, जातो मी. कागदाचा फोटो काढून पाठव, आजच पाठव. ठेव.