देवाच्या घोंगड्यापाशी थांबलेला हात

घरात आग लागली, तर तुमच्या घरची बाई इझवायच्या आधी कुणाची परवानगी मागंल? हसू नका. मला असं कुणी इचारलं असतं तर मीबी हसले असते. पर मी मागितली, आन द्यायला तिथं कुणी नव्हतं.

माझं नाव भागिरथी. माहेर चिंताकी, औराद तालुका. आम्ही धनगराची माणसं, आजोबाच्या काळी मेंढरं व्हती, बाच्या काळी दुसऱ्याच्या रानात तूर कापणं आलं, आन माझ्या काळी कोळारचा कारखाना. मेंढरं गेली पर घोंगडं गेलं न्हाई. बिरोबाचं घोंगडं, आमच्यात घरटी एक असतंय, काळं, भंडारा लावलेलं, त्याच्यावर कुणी निजायचं न्हाई, सणाला अंथरायचं, देव मांडायचे आन परत घडी. आन बाईनं महिन्याच्या त्या चार दिवसांत त्याला शिवायचं न्हाई. हे मला कुणी शिकवलं? तुम्हाला चालायला कुणी शिकवलं ते आठवतंय का? तसंच ते.

लगीन झालं आन आम्ही बिदरला आलो, कोळारच्या कारखान्यांच्या वस्तीत. मालक गोदामात हमाली करायचे. एकच खोली, एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्या कोपऱ्यात देवाची फळी, फळीच्या वर खुंटीला घोंगडं. सासू गावाकडंच ऱ्हायची. नणंद मंगल मात्र आमच्यापाशी, शिवणकाम शिकायला आलेली, लगीन व्हायचं व्हतं. लई बोलकी पोरगी. मला म्हणायची, वैनी, तू पगार आणायलीस, आता दादानं भाकरी थापायला पायजे.

मी कंपनीत पॅकिंगला लागले व्हते. शेजारच्या खोलीतली गौतमीअक्काबी तिथंच. ती बौद्ध, माझ्यापेक्षा मोठी, जिभेला हाड न्हाई पर जीवाला जीव देणारी. कंपनीत छताला पांढऱ्या डब्या व्हत्या, धूर लागला की वरडायच्या. मंगलला सांगितलं तर ती पोट धरून हसली, म्हणली, वैनी, आपल्या घरात तसली डबी लावली तर दोन टायमाच्या सैपाकाला गल्ली गोळा व्हईल.

एक दिवस सुपरवायझरनं सगळ्यांना अंगणात बोलावलं, लोखंडी घमेल्यात रॉकेल पेटवलं आन म्हणला, रॉकेलच्या आगीवर पाणी टाकायचं न्हाई, पाण्यानं ती पसरती, तिला वरून झाकायचं, लोकरीचं कांबळं असंल तर लई चांगलं, लोकर भडकत न्हाई, करपती. कोण येतंय म्हणला. बाया मागं सरल्या. मी पुढं झाले, कांबळं दोन्ही हातांनी अंगापुढं धरलं, घमेल्यावर टाकलं, आग गप. कुठं शिकलात म्हणला. मी म्हणलं, अण्णा, आम्ही धनगर, घोंगडं कसं टाकायचं ते आम्हाला शिकवावं लागत न्हाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाच माझं कवतिक वाटलं. काय सांगू तुम्हाला, त्या टाळ्या आजबी कानाला टोचत्यात.

कारण त्याच साली, हुरड्याच्या दिवसांत, मी बाजूला बसलेली. उंबऱ्याच्या बाहेर, पोत्यावर. माझ्या वाटणीच्या भाकरी मंगल करायलेली. सकाळचे नऊ असतील, मालक कामाला गेलेले. स्टोव्हमधलं रॉकेल संपलं. तव्यावर भाकर, म्हणून तिनं स्टोव्ह गार व्हऊ दिला न्हाई, गरम स्टोव्हातच बाटलीनं ओतायला लागली. आमच्या गल्लीत सगळ्याच असं करायच्या, मीबी केलेलं. भक्क झालं आन तिच्या अंगावरच्या नायलॉन साडीनं पेट घेतला.

मी आत धावले. उंबरा वलांडला तवा विटाळ आठवला न्हाई. नीट ऐका, हात घोंगड्याकडंच गेला, मला ठावं व्हतं काय करायचं ते. आन घोंगड्यापासून वीतभर अंतरावर हात थांबला. कुणी न्हाई म्हणलं न्हाई. सासू तर गावाला. मीच देवाकडं बघून मनात म्हणलं, शिवू का? किती येळ गेला ते मला सांगता येत न्हाई. मग मी हात मागं घेतला, कळशी उचलली आन पाणी फेकलं, जे करू नका म्हणून सांगितलं व्हतं तेच केलं, आन आग जमिनीवरून भिंतीपर्यंत गेली.

मंगलच्या वरडण्यानं गौतमीअक्का आली. तिनं देव बघितला न्हाई, फळी बघितली न्हाई, खुंटीवरून घोंगडं वढलं, मंगलला गुंडाळून खाली पाडली, लोळवली. मला म्हणली, बघायलीस काय मेले, रिक्षा बघ.

बिदरहून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. लई दिवस तिथं. कागदावर लिहिलं, स्टोव्ह भडकला. स्टोव्हचं नाव हाय कागदावर, माझ्या हाताचं न्हाई.

मंगल जगली. गळ्याची कातडी आवळलीय, उजवी मूठ मिटत न्हाई, मशीन सुटलं, ठरत आलेलं लगीन मोडलं. दवाखान्यात बोलायला लागली तवा पहिलं तिनं मला इचारलं, वैनी, तू कामून थांबलीस? तिनं बघितलं व्हतं.

सासूनं नवं घोंगडं विणून आणलं, भंडारा लावला, परत त्याच खुंटीला टांगायला लागली. मी ते काढलं आन स्टोव्हपाशी दाराकडंच्या बाजूला खुंटी ठोकून तिथं लावलं, आन तवा माझे तेच चार दिवस चालू व्हते. सासू म्हणली, देवाचं हाय ते, बाटवलंस. मी म्हणलं, आत्याबाई, तुमची लेक इचारायलीय मी कामून थांबले, तुम्ही जवाब द्या, मग मी काढते. म्हातारी दोन दिवस जेवली न्हाई. तिसऱ्या दिवशी मंगलच्या गळ्याला तेल चोळत बसली व्हती, मला म्हणली, खुंटी जरा खाली घे, हिचा हात तेवढा वर जात न्हाई.

आता आमच्याकडं गॅस हाय. मंगल आमच्यापाशीच हाय, डाव्या हातानं भाजी चिरती, भांडती, हसती. देव तिला आयुष्य देवो. मी सुट्टीच्या दिवशी गल्लीत बायांना सांगत फिरते, कुणी ऐकतंय, कुणी दार लावतंय.

तुम्हाला माझं एकच मागणं हाय. आजच चुलीजवळ, दाराच्या बाजूला, एक जाड लोकरीचं कांबळं टांगा. आन घरातल्या लेकीला, सुनेला समोर बसवून सांगा की कुठल्याबी दिवशी, कसल्याबी अवस्थेत ह्याला हात लावायचा. तिला कळत असंल असं धरून चालू नका. तोंडानं सांगा.