मध्यरेषेवर सतरंजी

मंडळी, नमस्कार.

मी आज बोलणार नव्हते. मला भाषण येत नाही असं नाही, पण गेलेल्या माणसाबद्दल माईकवर बोलणं मला जमत नाही. मागे बसायचं, उभं राहायचं, भाभींना भेटायचं आणि घरी जायचं, एवढंच ठरवून निघाले होते. पण मघाशी या मैदानात आले आणि पाहिलं, की मध्यरेषेवर सतरंजी अंथरली आहे. सकाळी मुलींनी पाणी मारून, पांढरी फक्की टाकून मैदान आखलं होतं. त्या आखलेल्या मैदानावर आपण सगळे आत्ता बसलो आहोत. म्हणून उभी राहिले.

मला न ओळखणारे इंदापूरहून आलेले काहीजण इथे आहेत. मी शैलजा. पणदऱ्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. कॉलेजात असताना खो-खो खेळले, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर फक्त बघते. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते दस्तगीरभाई मुलाणीही फक्त बघायचे. आयुष्यात कबड्डीची एकही चढाई त्यांनी केली नाही. इंदापूरच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते, निवृत्त झाल्यावर इथे मुलीकडे राहायला आले. गेल्या आठवड्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. भाभी सांगतात, त्रास काही झाला नाही.

आतापर्यंत इथे जे बोलले त्यांनी त्यांना क्रीडामहर्षी म्हटलं, आधारवड म्हटलं. मंडळी, ते प्रेक्षक होते. चांगले प्रेक्षक होते. मला वाटतं एवढं पुरे आहे.

चांगला प्रेक्षक म्हणजे काय? आपल्याकडे रात्रीच्या मोठ्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसते. दिवे लागतात, बाहेरगावचे नावाजलेले खेळाडू येतात, शिट्ट्या वाजतात. पण त्याच मैदानावर दुपारी लहान मुलामुलींचे सामने होतात, तेव्हा कोण असतं? मंडपवाला असतो, तो खुर्च्या मांडत असतो. दोघाचौघांचे आईबाप असतात. आणि लोखंडी घडीच्या खुर्चीवर दस्तगीरभाई असायचे. शेजारी मी. ते गुणफलक सांभाळायचे. पत्र्याचे आकडे काठीने खिळ्याला अडकवायचे आणि स्टँडवरच्या आवाजात पुकारायचे. चढाईला जायला कुणी रेंगाळलं की म्हणायचे, "गाडी फलाटावर लागल्याली हाय, प्रवाशांनी चढून घ्यावं." पोरं हसायची आणि पळायची.

व्यावसायिक संघांबद्दल आमचं कायम भांडण असायचं. आपल्या तालुक्यातला एक मुलगा पुण्याच्या संघात निवडला गेला, तेव्हा सगळ्या गावाने टीव्हीसमोर गर्दी केली होती. आठवतंय? तो मुलगा त्या हंगामात जवळजवळ बाकावरच बसून राहिला. आठवड्याभरात गर्दी पांगली. भाई मात्र प्रत्येक सामना बघायचे. मला म्हणायचे, "ताई, क्यामेरा बाकाकडं गेला की सांगा, मी तवर पान लावतो." एकदा आम्ही आठदहाजण गाडी करून पुण्याला प्रत्यक्ष सामना बघायला गेलो. दिवे, धूर, गाणी. भाईंनी शेजारच्या पोलिसाला विचारलं, "बारक्या पोरांचा सामना किती वाजता हाय?" तो म्हणाला, इथे तसला सामना नसतो. भाई म्हणाले, "मग ही पुढं खेळणारी कुठनं आणत्यात?"

पुढच्या वर्षी लिलावात तो मुलगा दुसऱ्या शहराच्या संघाने घेतला. एका रात्रीत भाई त्या शहराचे झाले. मी पुण्याचीच राहिले. मी म्हटलं, "हे बरं आहे तुमचं. काल एक संघ, आज एक संघ."

"संघ म्हंजी काय, ताई? कापडाचा रंग. पोरगं आपलं हाय."

"मग उद्या पुण्याविरुद्ध टाळ्या वाजवणार?"

"वाजवणार की. हात माझं हायत."

मला आजही त्यांचं म्हणणं पटत नाही. संघ हा खेळाडूपेक्षा मोठा असतो, नाहीतर संघ कशाला काढायचे? पण लहान मुलांच्या सामन्यात ते दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवायचे, त्याचं कारण मला त्या भांडणात कळलं. तिथे त्यांच्या लेखी सगळीच पोरं आपली होती. पणदऱ्याची तशी इंदापूरची.

आता मुद्द्यावर येते. मागे ऐकू येतंय ना? बरं.

काही वर्षांपूर्वी इथेच मुलींचा उपांत्य सामना चालला होता. आपली पूजा चढाईला गेली होती. दोघींना तिने स्पर्श केला होता, पुरेसा दम होता, ती परत वळली होती. तेवढ्यात माईकवरून पुकारलं गेलं, की प्रमुख पाहुण्यांचं आगमन झालं आहे. पंचांनी शिट्टी मारली. बँड वाजला. मुलींना रांगेत उभं केलं. पाहुण्यांनी एकेकीचा हात हातात घेतला, नाव विचारलं, नारळ फोडला, शाली झाल्या. घामाने भिजलेल्या मुली वाऱ्यात ताटकळल्या. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा ती चढाई धरलीच नाही. आपण तो सामना हरलो.

हे काही नवं नव्हतं. आपल्याकडची ती पद्धतच आहे. मोठे पाहुणे मोठ्या सामन्याला उशिरा येतात, आणि मधल्या वेळेत लहान मुलांना खेळायला लावलेलं असतं. पाहुणे आले की त्यांचा खेळ थांबवायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. मलाही वाटलं नव्हतं. मी टाळ्या वाजवत होते.

शाली चालू असतानाच भाई उठले, त्यांनी निवेदकाच्या हातातला माईक घेतला आणि पुकारलं, "पाहुण्यांची गाडी मधीच आलेली हाय. कृपया त्यांनी फलाटावर थांबावं. आदी लागलेली गाडी आदी सुटंल." लोक हसले. पाहुणेसुद्धा हसले. आपले अध्यक्ष विलासआबा हसले नाहीत. आबा, तुम्ही महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हता, खरं की नाही? मान हलवू नका, इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

मग त्यांचा समेट माझ्याच केंद्रावर झाला. दूध घालायला आलेले पाचसहाजण ऐकत होते. भाई आबांना म्हणाले, "ह्या मैदानावर एकदा शिट्टी झाली की पोरांचा सामना कुणासाठी थांबवायचा न्हाय. एवढं कबूल करा."

आबा म्हणाले, "कुणासाठीच?"

"कुणासाठीच."

"आन आमदार आलं तर?"

"बसतील."

"मंत्री?"

"उभं ऱ्हातील. आपल्याकडं खुर्च्या कमी हायत."

आबा चिडले. म्हणाले, "आन तुजंच काय झालं मधी, तर रं?"

भाई म्हणाले, "मला बाजूला वढा. रेषेवर पडलू असंन तर आदी वढा."

त्यावर आबाच सगळ्यात मोठ्याने हसले. तेव्हापासून या मैदानावर एकही सामना थांबला नाही. आसपासच्या गावांत अजून थांबतात. आपल्याकडे नाही. आबांनी शब्द पाळला. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते आहे, कारण नंतर जे सांगणार आहे ते त्यांना आवडणार नाही.

आज इथे आपल्या आणि इंदापूरच्या मुलींचा अंतिम सामना होता. जो संघ जिंकेल तो जिल्ह्याला जाईल. नाव उद्या कळवायचं आहे. इंदापूरच्या मुली टेंपोने आल्या आहेत, त्या बघा, कपडे बदलून लिंबाखाली बसल्या आहेत. पंच आले आहेत. आणि सामना रद्द झाला आहे. मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, आज कसा सामना? भाई गेला की. लोक काय म्हणतील?" मग निकाल? तर म्हणे नाणेफेक. छापा पडला की पणदरे, काटा पडला की इंदापूर.

आपली कप्तान अंकिता. पुढच्या वर्षी ती वयामुळे या गटात बसत नाही. ती माझ्याकडे आली, रडत वगैरे नव्हती. म्हणाली, "काकी, छापा पडला तर आमी जिकलो म्हणायचं व्हय? आन कुणाला सांगायचं?"

मंडळी, आबांच्या मनात वाईट काही नाही. आदर दाखवायचा तर काहीतरी बंद ठेवायचं, हे आपल्या हाडात आहे. दुकान बंद, शाळा बंद, सामना बंद. पण या एका माणसाचा आदर तसा होत नाही. पाहुण्यांसाठी थांबवला नाही तो सामना आज आपण त्यांच्यासाठी थांबवला. त्यांनाच आपण पाहुणा करून टाकलं.

मी परस्पर बोलत नाही. आधी भाभींना विचारलं. अशा दिवसांत विचारणं मला जड गेलं. त्या म्हणाल्या, "शैलजाताई, माज्या बाळंतपणाला बी ते सामना संपल्यावर आलते. उभ्या जन्मात माज्यासाठी सामना थांबिवला न्हाय, आन आता तुमी त्यांच्यासाठी थांबिवताय?" आणि त्यांनी घरून एक पिशवी आणवली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ऊन उतरायला अजून वेळ आहे. उजेडात सामना पूर्ण होतो. पुढची भाषणं राहू द्यात. ज्यांची राहिली त्यांनी मला नावं ठेवावीत, मी केंद्रावर रोज सकाळी असते. आपण सगळे उठू. सतरंजी गुंडाळू. जिथे फक्की पुसली आहे तिथे मुली पुन्हा टाकतील. मग आपण मैदानाबाहेर, रेषेपलीकडे उभे राहू आणि तिथे शांत राहू. कुणी घड्याळ बघू नये. पंचांची शिट्टी वाजली की शांतता संपली असं समजावं. आणि मग कृपा करून कुणी घरी जाऊ नये. बसावं. दोन्हीकडच्या मुलींचा खेळ शेवटपर्यंत बघावा. मला दुसरी श्रद्धांजली सुचत नाही.

आबा, शिट्टी तुमच्या परवानगीने होईल. तुम्ही उठलात तर सगळे उठतील.

उठलात. आभारी आहे.

आता सगळ्यांसमोर सांगून ठेवते, म्हणजे उद्या कुठे काय गेलं हे कुणी विचारायला नको. भाभींनी स्वतःच्या हाताने जे दिलं ते असं: पत्र्याच्या आकड्यांची पिशवी पणदऱ्याच्या राखीव मुलींकडे दिली. आकडे अडकवायची काठी इंदापूरच्या राखीव मुलींकडे दिली. दोन्हीकडच्या मुलींना एकमेकींशिवाय फलक लावता येणार नाही, हे भाभींनी मुद्दाम केलं आहे. मुलींनो, दोन्ही बाजूंना शून्य लावा.

लोखंडी घडीची खुर्ची कुणाला दिलेली नाही. ती मी घेतली आहे. दुपारच्या सामन्यांना तिच्यावर मी बसेन.

दस्तगीरभाई, सलाम.