ग्रोनबाखची थांबलेली गाडी

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. फार दिवस काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफी.

मंडळी, हे माझ्या डायरीतलं वाक्य आहे, आज सकाळी लिहिलेलं. उभं राहून बोलायला लागले की माझा आवाज जातो, म्हणून लिहिलेलंच वाचते. शैलाकाकू, मीरा आणि पार्सिपनीतले आपण सगळे. दिवाकरकाकांसाठी आपण इतके जण आलात. मागे भिंतीला टेकूनही माणसं उभी आहेत. अशा वेळी बोलणं कठीण असतं. मला ते एका वेगळ्या कारणानेही कठीण जातंय, आणि ते कारण याच हॉलमध्ये बसलंय. तिथवर येते. आधी स्टेशन.

काका अमेरिकेत येण्याआधी जर्मनीत ग्रोनबाखजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर होते. रोज ग्रोनबाखला उतरून गाडी बदलायचे. रिटायर झाल्यावर ते स्टेशन त्यांनी इथे, स्वतःच्या बेसमेंटमध्ये उभं केलं. पुठ्ठा, लाकूड, प्लॅस्टर आणि चालणाऱ्या छोट्या गाड्या. मी पुण्यात कॉलेजमध्ये जर्मन शिकलेली. एका हळदीकुंकवाला काकूंना हे कळलं आणि त्यांनी मला वाण हातात असतानाच जिना उतरवून खाली नेलं. "अहो, ही घ्या तुमची जर्मन बाई!" काकांनी स्टेशनच्या इतिहासाची एक पुस्तिका माझ्यापुढे धरली. म्हणाले, "मराठीत वाचून दाखव. आणि काही गाळू नकोस."

मी काही गाळलं नाही. मुख्य लाइन आली, तिला डोंगराकडे जाणारा फाटा फुटला, आणि एका खेड्याचं जंक्शन झालं. लाल दगडाची इमारत. पहिल्या आणि तिसऱ्या वर्गाच्या वेगवेगळ्या वेटिंग रूम. बिअर मिळणारं उपाहारगृह. बीट आणि गुरं चढवायचा मालधक्का. युद्धात इमारतीची एक बाजू पडली, ती नंतर घाईघाईने सपाट छपराची बांधली. काकांनीही ती तशीच, तितकीच कुरूप बांधली. मग मालगाड्या बंद झाल्या. मग उपाहारगृह. तिकीट खिडकी गेली, मशीन आलं. सामानघरात बेकरी आली. प्लॅटफॉर्मला लिफ्ट आली. आज मुख्य लाइनवर दर तासाला गाडी आहे. फाट्यावर फक्त कामाच्या दिवशी.

यावरून आमचं भांडण. मी म्हणायचे, आजचं स्टेशन करूया, मशीन लावा. काका म्हणायचे, "तुम्ही आयटीवाले, तुम्हाला सगळीकडे मशीन हवं. माझ्या स्टेशनात खिडकी उघडी राहणार. आत माणूस बसणार." आणि बेकरी? "ती असू दे. माणूस खाणार काय?"

आता जे सांगते ते नीट ऐका. काकांना त्या स्टेशनातली एक रीत सगळ्यात प्रिय होती. मुख्य लाइनची गाडी लेट असली की फाट्याची गाडी तिच्यासाठी थांबायची. शेवटचा प्रवासी भुयारी वाटेतून वर येईपर्यंत थांबायची. आणि लेट झालेल्या गाडीत गार्ड सांगत फिरायचा की पुढची गाडी तुमच्यासाठी उभी आहे.

काका पहिल्यांदा तिथे आले तेव्हा त्यांची गाडी लेट होती. भाषा येत नव्हती. घाम फुटलेला. गार्ड आला, त्याने हातानेच गाडी धावताना दाखवली, मग तळहात उभा धरला. थांबलीय. ही गोष्ट काकांनी मला किती वेळा सांगितली असेल! आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, "ती थांबली याचं कौतुक आहेच गं. पण मला सांगितलं, बघ. नाहीतर मी त्या डब्यात मेलोच असतो काळजीने."

मला सांगितलं, बघ.

दर रविवारी दुपारी आम्ही वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवायचो. काका स्टेशनमास्तर. मुख्य गाडी माझ्याकडे, आणि घोषणाही माझ्याकडे. ती मी जर्मनमध्ये करायचे. "मॅडम," काका म्हणायचे, "तुमची अनाउन्समेंट ऐकून जर्मन लोक पुण्याचं तिकीट काढतील." वरून काकूंची हाक यायची, "पॅसेंजर मंडळी, चहा झालाय!" मला रूट ट्वेंटी-थ्रीवर ट्रॅफिक लागलं तर फाट्याची गाडी हलायची नाही. एकदाही हलली नाही.

मग या उन्हाळ्यात ते मोठं वादळ आलं. काकांचा फोन आला. "बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय. पाणी उपसणारा सम्प पंप गेला. या रविवारी नको येऊस." मी म्हटलं, माझ्याकडे पाणी ओढायचा व्हॅक्यूम आहे, घेऊन येते. "नको, नको, प्लंबर येतोय." पुढच्या रविवारी, रूळ सुकवतोय. त्याच्या पुढच्या रविवारी, प्लायवूड फुगलंय. फोनवर आम्ही तासन्‌तास बेकरीच्या पाटीचा रंग ठरवायचो. मध्येच त्यांना धाप लागायची. मी विचारायचे, काय झालं? "बादल्या उचलतोय ना!"

बापटकाका, तुम्ही समोरच आहात. इंडियन स्टोअरमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, काकांच्या बेसमेंटचं पाणी गेलं का? तुमच्या हातात शहाळ्यांची पिशवी होती. तुम्ही म्हणालात, "हो ना, अगं, फार त्रास झाला त्यांना त्या पाण्याचा." ती शहाळी कुणासाठी होती, बापटकाका?

तुम्हाला माहीत होतं. काका आजारी आहेत, बरे होणार नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं. डबे जात होते. केमोला नेण्याच्या पाळ्या लागल्या होत्या. या हॉलमधल्या बहुतेकांना माहीत होतं, आणि मला सांगायचं नाही हेही ठरलेलं होतं. माझ्या स्वतःच्या घरातही माहीत होतं. त्याबद्दल मी इथे बोलणार नाही.

मला कळलं ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. फ्युनरल होमचा पत्ता आणि खाली हात जोडलेले इमोजी.

मी मीराला, काकांच्या लेकीला, विचारलं, का? ती रडत होती. म्हणाली, "ही जस्ट वॉन्टेड वन पर्सन हू डिडन्ट नो." एक तरी माणूस असं हवं होतं, ज्याला माहीत नाही. मी म्हटलं, "मीरा, ते माणूस मी होते. मला कुणी विचारलं?" शैलाकाकू म्हणाल्या, "अगं, तुझा फोन ठेवला की ते दोन घास जास्त जेवायचे."

काकू, हे ऐकल्यापासून मी त्यावरच अडकले आहे. दोन घास. त्यापुढे माझा राग केवढा धरायचा? मी उपयोगी पडले, यात समाधान मानायचं का? की माझ्यातच असं काही आहे, की माणसं मला खरं सांगायला धजत नाहीत? मी रडले असते, हे खरं. पण डबा मीही केला असता. धाप लागली तेव्हा बेकरीच्या पाटीबद्दल बोलत राहिले नसते. त्यांना आठवताना आता त्या पिवळ्या पाटीवर माझंच बोलणं ऐकू येतं, आणि त्यांची धाप.

शुक्रवारी काकूंनी मला खाली नेलं. आता हे स्टेशन तू ने, म्हणाल्या. जमीन कोरडी ठणठणीत होती. भिंतीला ओलीचा डाग नाही. पंप व्यवस्थित. स्टेशनच्या खिडकीत माणूस बसलेला. बेकरीला पिवळी पाटी लागलेली. आणि प्लॅटफॉर्मवर फाट्याची गाडी उभी. मुख्य लाइन रिकामी. काकू म्हणाल्या, "बघ, तुझ्यासाठी थांबवून ठेवली त्यांनी."

त्याचं उत्तर मी आज देते. काकू, तुमच्यावर माझा राग नाही. काका, तुमच्यावर आहे. गाडी उभी ठेवली, पण येणाऱ्याला कळवलं नाही, तर ग्रोनबाखला याला थांबणं म्हणत नाहीत. हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्हाला त्या पहिल्या गाडीत सांगणारा गार्ड भेटला. मला तुम्ही सगळ्या गावाने मिळून रिकाम्या डब्यात बसवून ठेवलंत. आणि घोषणा करायचं काम तर माझंच होतं.

स्टेशन मी नेणार आहे, काकू. माफ केलंय म्हणून नाही. ते मी वाचलंय, त्यातला प्रत्येक दगड मी मराठीत आणलाय, ते माझंही आहे. खिडकी उघडी राहील. एवढं काकांचं मी ऐकीन.

आता आपण सगळे उभे राहूया. काही म्हणायचं नाही, माझं सांत्वनही करायचं नाही. काकांसाठी गप्प राहूया. या उन्हाळ्यात माझ्यासमोर राहिलात, तसेच. आपल्याला ते जमतं.

दिवाकरकाका, नमस्कार.

उद्या: बेसमेंटची किल्ली घेऊन जाणे, घोषणा करून फाट्याची गाडी सोडणे.