दोरा बांधलेले टोमॅटो

माझ्या धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या; सासरे आत खाटेवर होते.

"दोरा बांधलेले टोमॅटो कुठे ठेवलेस गं? हे विचारतायत."

"तेच सगळ्यात छान होते, आई. निम्मे विकले, निम्मे शेजारी वाटले."

"अगं बये! बियाण्याला राखलेले होते ते. चाळीस वर्षं जपलेलं वाण, दुसऱ्या कुणाकडेच नाही. आता झाडंही उपटून झाली."

"मला कुणी सांगितलंच नाही. शेजारी विचारून येऊ?"

"आठवडा झाला. लोकांनी काय शोकेसमध्ये ठेवलेत?"

"मग मामंजींना काय सांगू?"

"बी धुऊन सावलीत वाळत घातलंय म्हण. माझं खोटं ते लगेच ओळखतात. तू जा."

सून आत जाऊन आली.

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, मूठभर शेजाऱ्यांनाही दे."

तिचे सासरे त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी वारले.